जिन्याचं परमिट

काळ्या काचेतून काहीच दिसेना, म्हणून मी ती डोळ्यांसमोरून बाजूला केली आणि नेमकी तेव्हाच काकांनी ठिणगी पाडली. वेल्डिंगची काच ठिणगी पडेपर्यंत काळीच असते, तिच्यातून तोवर काही दिसायचं नसतंच, हे मला कोण सांगणार? मी अकाउंटचा माणूस. संध्याकाळपर्यंत डोळ्यांत कुणी मूठमूठ वाळू ओतल्यासारखं झालं. बायकोने बटाट्याच्या चकत्या कापून माझ्या पापण्यांवर ठेवल्या आणि मी आडवा पडून नशिबाला आणि काकांना आळीपाळीने बोल लावत राहिलो.

तेवढ्यात खिडकीशी काकांचा आवाज आला. "काय अकाउंट, बघितलीत ना गंमत? मी कायम सांगतो, अपघात होत नाय, बोलावला जातो."

"तुम्हीच बोलावलं होतंत," मी बटाट्यांखालून म्हणालो.

"मी तुम्हाला बोलावलं होतं. अपघाताला तुम्ही बोलावलंत."

हे काका म्हणजे आमचे घरमालक. पेणला रामवाडीत त्यांचं घर. वर ते आणि काकू, खाली भाड्याने आम्ही. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ते सेफ्टीला होते आणि मी त्याच कंपनीत अकाउंटला. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसता बसता त्यांनी मला खोली दिली. पुढे ते रिटायर झाले, मी कंपनीतच राहिलो आणि त्यांच्या घरातही. कंपनीत माणसाला नाव नसतं, डिपार्टमेंट असतं. म्हणून मी त्यांचा 'अकाउंट', माझी बायको 'अकाउंटवहिनी' आणि आमची दोन मुलं म्हणजे 'अकाउंटची मंडळी'.

रिटायर झाले तरी काकांची सेफ्टी काही सुटली नाही. अंगणातल्या शेवग्याखाली त्यांनी पांढरा गोल काढला होता. आग लागली, भूकंप झाला, काहीही झालं तरी आम्ही सगळ्यांनी त्या गोलात येऊन उभं राहायचं. शेवग्याचं झाड वाऱ्याने मोडतं, त्याच्याखाली संकटात उभं राहायला सांगणं म्हणजे एकावर एक फ्री, हे मी एकदा सुचवून पाहिलं. "जागा ठरली म्हणजे ठरली," ते म्हणाले. त्यांचं कंपनीतलं पिवळं हेल्मेट रोज सकाळी पूजेची फुलं काढायला वापरात यायचं. उलटं धरून जास्वंदी त्यात टाकत ते कुंपणाकडेने फिरायचे. गळती शोधायला आमच्या सिलिंडरच्या नळीला ते न सांगता साबणाचं पाणी लावून जायचे. बायको आंघोळीचा साबण शोधत असली की मी म्हणायचो, "गॅसवर बघ."

पण असल्या माणसाच्या स्वतःच्या जिन्याला कठडा नव्हता. कंपनीतल्या झाडून सगळ्या शिड्यांचे कठडे हलवून बघणाऱ्या माणसाचा जिना! जिना घराच्या बाहेरून, एका अंगाला भिंत, दुसरं अंग मोकळं. घर बांधलं तेव्हा कठडा पुढच्या महिन्यात लावायचं ठरलं होतं, आणि तो महिना काही उगवला नाही. शिमग्याच्या सुमाराला काकू धुतलेल्या पायरीवरून घसरल्या त्या मोकळ्या अंगाने खाली आल्या. पाय मोडला. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, चाला, काही होत नाही. काकू घरात चालायच्या, गच्चीत चालायच्या. जिन्याच्या तोंडाशी आल्या की मात्र त्या मोकळ्या बाजूकडे बघायच्या आणि मागे फिरायच्या.

काकूंचं सगळं आयुष्य खाली, ओट्यावर होतं. तिथे बायका बसायच्या, तिथे पोह्याच्या पापडांची पिठं मळली जायची, तिथेच खाडीकडून मासेवाली मावशी पाटी उतरवायची. आता काकू वरून दोरीला बांधून टोपली सोडायच्या, मावशी तीत मासे ठेवायची, काकू वर ओढून बघायच्या आणि तावातावाने परत खाली सोडायच्या. "कल्ला बघ कसा पांढरा पडलाय! मी खाली येत नाय म्हणून मला कालचं देतेस व्हय गो?" मावशी खालून ओरडायची, "काकू, सकाळचं हाय! तुमच्या टोपलीतच खालीवर करून शिळं झालं!"

माझ्या बायकोने त्यांना खाली आणायचा प्रयत्न केला नाही असं नाही. "माझ्या खांद्याला धरा, हळूहळू उतरू." काकूंनी तिच्याकडे नखशिखांत बघितलं. काकू अंगाने भरलेल्या, आणि माझी बायको म्हणजे वाळत घातलेला दुपट्टा. "नको गो. मी गेले तर तुला घेऊन जाईन. कठडा झाला की येते."

तर असा तो कठडा. वडखळला, पेणला, कुठेही फॅब्रिकेशनवाल्याला सांगितलं असतं तर तो एका दिवसात लावून गेला असता. मी तसं म्हणालोही. काकांनी मला शेवग्याखालच्या गोलात उभं करून समज दिली. "अकाउंट, मी जन्मभर वेल्डर बघितलेत. वरून चकचकीत, आतून पोकळ. हिच्या हाताखाली मी दुसऱ्याचं वेल्डिंग देणार नाय."

आता इथे कंपनीतली एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. तसं ते वेडेपणाचंच होतं, पण त्याला पद्धत होती. केमिकल कंपनीत ठिणगी म्हणजे यमदूत. म्हणून वेल्डिंग करायचं तर आधी सेफ्टीचं परमिट लागतं. आजूबाजूला काही पेटण्यासारखं नाही ना, पाणी-वाळू तयार आहे ना, हे बघून सेफ्टीवाला सही करतो. दिवस संपला की परमिट संपतं, मग टाका अर्धा राहिला तरी अर्धाच राहतो. आणि जो काम करणार, त्याला स्वतःचं परमिट स्वतः देता येत नाही. काकांची सगळी नोकरी परमिट न देण्यात गेली होती. इतकी वर्षं दुसऱ्यांचं वेल्डिंग थांबवल्यावर माणसाला स्वतःच्या हाताने एकदा ठिणगी पाडावीशी वाटणार, हे मला आता कळतं. तेव्हा मी फक्त वैतागलो होतो.

एका रविवारी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "अकाउंट, त्या मोबाइलवर बघा. घरगुती वेल्डिंग मशीन निघालीत म्हणे, स्वस्तात." मी बघितलं. निघाली होती, डब्याएवढं यंत्र, खांद्याला अडकवायला पट्टा, घरच्या प्लगवर चालणारं. "घेतलेल्या लोकांनी काय लिहिलंय ते वाचा." मी वाचत गेलो. एकाने लिहिलं होतं, कोंबड्यांचा पिंजरा केला, एक नंबर मशीन. दुसऱ्याने लिहिलं होतं, थोडा वेळ चालतं, मग पिवळा दिवा लागून झोपून जातं. तिसऱ्याचा काडी धरायचा होल्डर वितळला होता. चौथ्याने पाचच्या पाच चांदण्या दिल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, अजून खोका उघडला नाही, पॅकिंग छान आहे.

काका प्रत्येकाशी भांडले. "पिंजरा केला म्हणतो, पण कोंबड्या आत राहिल्या का ते लिहीत नाय. हा बघा, होल्डर वितळला म्हणतो. काम न थांबवता रेटलं असणार लेकाच्याने. परमिट कुणी दिलं याला?" शेवटी त्यांनी खोका न उघडलेल्या माणसावर विश्वास टाकला. "हा माणूस शहाणा. घाई नाय त्याला." आणि मशीन मागवलं.

ते आलं आषाढात. कोकणात आषाढात उघड्यावर, ओल्या जिन्यावर, विजेचं काम! काकांनीच ते ताबडतोब बंद पाडलं. मग सराव म्हणून ते पडवीत बसले. माझ्या डोळ्यांत वाळू पडली ती याच सरावात. रॉड, म्हणजे वितळून सांधा धरणाऱ्या काड्या, दमट हवेने सादळायचे आणि लोखंडाला चिकटून बसायचे, म्हणून काकांना कुणीतरी सांगितलं की रॉड भाजून घ्यावेत. काकूंनी त्यांना स्वयंपाकघरातून हुसकलं. ते आमच्याकडे आले. मी ऑफिसातून आलो तर गॅसवर तवा, तव्यात रॉड, आणि बायको उलथनं हातात घेऊन उभी.

"काय करतेस?"

"तुमच्या घरमालकांना भाकरी भाजून देतेय," ती म्हणाली. "दोन्ही बाजूंनी."

काकांनी रॉडची काडी बोटाने दाबून बघितली. "वहिनी, अजून थोडं."

मशीन चालू झालं की आमचे दिवे मान टाकायचे. "वहिनी, मिक्सर बंद!" अशी आरोळी पडवीतून यायची, आणि ओलं खोबरं भांड्यात अर्धं वाटलेलं राहायचं. त्या काळात आमच्या घरी चटणी कायम चावायची असे. सरावातून ज्या वस्तू निर्माण झाल्या त्या सगळ्या आम्हाला भेट मिळाल्या. चपलांचा एक स्टँड होता, त्यावरून चपला आपोआप एका कोपऱ्यात जमा व्हायच्या. एक स्टूल होतं, त्यावर बसलेला पाहुणा बोलता बोलता हळूहळू दिशा बदलायचा. सांध्यांवर शेळीने लेंड्या टाकाव्यात तसे धातूचे गोळे बसलेले असत. आणि रोज संध्याकाळी काका मला सांगायचे, "लिहा मोबाइलवर आपला अनुभव. लिहा, आज दोन रॉड चिकटले. दोष मशीनचा नाय, भिंतीतल्या वायरीचा." दुसऱ्या दिवशी, "लिहा, पिवळा दिवा लागला, मशीन थांबलं. कामगारापेक्षा शहाणं मशीन. दमलं की सांगतं." मी लिहीत गेलो. खाली अनोळखी लोक विचारायला लागले, दादा, गेट होईल का याच्याने? काका उत्तर द्यायला लावायचे, "आधी परमिट कोण देतो ते ठरवा."

पाऊस उघडला, गणपती आले. गल्लीतल्या आरतीला काकू वरच्या गच्चीतून टाळ्या वाजवत होत्या. खालून सगळे वर बघून "काकू, प्रसाद पाठवतो हां" म्हणत होते. काका टाळ वाजवता वाजवता एकदाही वर बघत नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी जिन्यावर काम काढलं.

मशीनसोबत आलेली वायर इतकी आखूड होती की काका ज्या पायरीवर, त्याच पायरीवर मशीन हवं. ते कुणी धरायचं? मी. पट्टा गळ्यात, मशीन पोटावर, त्यातला पंखा घूं करत गरम वारा माझ्या बेंबीवर सोडतोय. खालून जाणारे विचारायचे, "काय हो, बँजो पार्टी कुठं निघाली?" आणि याच अवस्थेत काकांनी मला सेफ्टी केलं. स्वतःचं परमिट स्वतःला देता येत नाही ना! खडूचा तुकडा माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "भिंतीवर लिहा, परमिट चालू. तुम्ही लिहिल्याशिवाय मी हात लावणार नाय."

मला वाटलं होतं, मी लिहीन आणि लवकर संपवू. पण अकाउंटच्या माणसाला आयुष्यात काही थांबवायचा अधिकार कधी मिळत नाही, आणि तो माझ्या हातात आला होता. पहिल्या रविवारी काकूंची लुगडी वरून वाळत होती, म्हणून मी परमिट दिलं नाही. दुसऱ्या रविवारी मासेवालीच्या पाटीत पेंढा होता. ती म्हणाली, "दादा, मी जाते की बाजूला." मी म्हणालो, "मावशी, ठिणगी विचारून पडत नाही." काका माझ्याकडे अशा अभिमानाने बघायला लागले की मला आणखी चेव आला. तिसऱ्या वेळी वारा होता. खरं तर वारा नव्हता, पण शेवग्याचं पान हललं होतं.

बायको दारात उभी राहून बघत होती. "तुम्ही दोघं मिळून त्या बाईला वरच ठेवा," ती म्हणाली आणि आत गेली. तिने भांडी जरा जास्तच आवाज करून घासली.

एकदा आम्ही रॉड आणायला रोह्याला गेलो. रॉड पेणला मिळतात. पण काकांचं म्हणणं, कंपनीला जो दुकानदार देतो त्याचेच हवेत. ते वाटेत उतरले आणि कंपनीच्या गेटबाहेर उभे राहून अपघाताविना गेलेल्या दिवसांचा फलक वाचत राहिले. आकडा मागच्यापेक्षा मोठा निघाला तर त्यांचा दिवस चांगला जायचा. समोरच्या टपरीवर त्यांचा एक जुना वेल्डर बसला होता. तो ओरडला, "काय साहेब! जन्मभर आमचं वेल्डिंग बंद केलंत, आता म्हणे स्वतः करताय?"

"मी बंद केलं म्हणून तू आज इथं चहा पितोयस," काका म्हणाले.

वेल्डर हसला नाही. त्याने टपरीवाल्याला आणखी दोन कप सांगितले. मग म्हणाला, "काकूंचा जिना ना? मी येऊन मारून देतो, साहेब. पैसे नकोत."

काकांनी कप बाजूला ठेवला. "नको रे," ते म्हणाले. "तुझं मी तपासलं असतं. माझं कोण तपासणार, तेच बघतोय." मला त्या बोलण्याचा तेव्हा फक्त रागच आला. तपासायला मी नव्हतो का?

दिवाळी उलटून गेली तेव्हा कठडा उभा राहिला. दिसायला भयंकर होता. उभ्या पाइपांपैकी एकही दुसऱ्याशी समांतर नव्हता; सांध्यांवर इतका धातू ओतला होता की कठडा नव्हे, कुणी मुळं धरलेलं झाड वाटावं. पण हलत नव्हता. काकांनी तो खालून हलवला, वरून हलवला, मी हलवला, माझ्या मुलांनी हलवला. लाल रंगाचा हात मारून झाला. आता उरली चाचणी. काका म्हणाले, तांदळाची गोणी लटकवू. मी म्हणालो, गोणी जागची हलत नाही, माणूस हलतो. गोणीला झोका द्यायला हवा. काका म्हणाले, बरोबर. मग झोका केवढा, गोण्या एक की दोन, दोर सुताचा की नायलॉनचा, यावर आम्ही दोघं मधल्या पायरीवर उभे राहून बोलत राहिलो. खाली मासेवालीने पाटी उतरवली होती आणि वरून काकूंनी टोपली सोडली नव्हती, हे आमच्या लक्षातच आलं नाही.

"सरका," मागून आवाज आला.

काकू जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. एक हात कठड्यावर.

"अगो थांब!" काका ओरडले. "परमिट क्लोज नाय झालं अजून!"

"तुमचं नाय झालं. माझं झालं," काकू म्हणाल्या. "गोणीला झोके देताय. मी काय गोणी हाय? सरका दोघं."

मी भिंतीला चिकटलो. काका मात्र बाजूला न होता काकूंच्या बाजूने वर धावले आणि कठड्याच्या वरच्या टोकाला दोन्ही हातांनी असे लोंबकळले, की तो निसटलाच तर तो, काकू आणि सगळा जिना आपल्या दंडाच्या जोरावर तोलून धरणार. त्यांचा चेहरा मी कंपनीत सायरन वाजतानाही तसा बघितला नव्हता. काकू एक पायरी उतरल्या, थांबल्या. दुसरी. कठडा काही बोलला नाही. मधल्या वळणावर त्यांनी मोकळ्या बाजूकडे बघितलं, श्वास घेतला आणि पुढचा पाय टाकला.

खाली पोचल्यावर काकू ओट्यावर बसल्या. रंग ओला होता, त्यांचा सगळा तळवा लालभडक झाला होता. त्या हाताने त्यांनी पाटीतली सुरमई उचलली, कल्ला उघडून नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "ही कुणाला देणार व्हतीस गो? दाखव ती खालची."

"घ्या, आल्या एकदाच्या!" मावशी म्हणाली. "आता माझं काय खरं नाय."

वर काका अजून कठडा धरूनच उभे होते. मी म्हटलं, "काका, सोडा आता, त्या बसल्या." तेव्हा त्यांनी हात सोडले आणि तिथेच पायरीवर बसले. मग म्हणाले, "अकाउंट, लिहा मोबाइलवर," आणि पुढे काय लिहायचं ते त्यांना सुचलंच नाही.

रात्री जेवताना मी बायकोला हे सगळं साग्रसंगीत सांगत होतो, काका कसे धावले, कसे लोंबकळले, कठडा तुटला असता तरी त्यांनी काकूंना पडू दिलं नसतं, वगैरे. बायकोने सुरमईचा तुकडा माझ्या ताटात वाढला आणि म्हणाली,

"मला त्या नको म्हणाल्या, मी त्यांच्याखाली चेपले असते म्हणून. यांनी इतके महिने त्या लोखंडाला धरून ठेवण्यापेक्षा एकदा बायकोचा हात धरला असता, तर ती गणपतीलाच खाली आली असती."